वाचकांचे प्रश्न : गाडी रस्त्यावर, बोर्ड घरात

इलेक्ट्रिक गाडी घेतली, पण ती उभी करायला अंगण नाही. या वेळचे बहुतेक प्रश्न याच एका अडचणीतून आलेले आहेत. गाडी गल्लीत उभी, वीज घरात आणि मधे सगळ्यांचा रस्ता. उत्तरे देताना सुरक्षेच्या बाजूने थोडे जास्तच कडक राहिलो आहोत, आणि ते मुद्दाम.

प्रश्न : घर पहिल्या मजल्यावर, भाड्याचे. खाली दुकान. चारचाकी समोर रस्त्याच्या कडेला लावतो आणि बाल्कनीतून २० मीटरचा एक्स्टेंशन बोर्ड खाली सोडून रात्री चार्ज करतो. कंपनीने दिलेला १५ अँपिअरच्या प्लगचा चार्जर आहे. प्लग फार गरम लागतो, बोर्डाचे एक भोक पिवळे पडले आहे. एमसीबी मात्र कधीच पडली नाही. चालेल का? (लातूर)

तो बोर्ड आजपासून वापरू नका. भोक पिवळे पडले म्हणजे आतली पितळी पट्टी तापून ढिली झाली आहे. पट्टी पिनेला घट्ट धरत नाही, तिथे विजेला अडथळा होतो, अडथळ्याने उष्णता वाढते आणि उष्णतेने पट्टी आणखी ढिली होते. तुमचा चार्जर साधारण १४ अँपिअर ओढतो, तोही सलग सात-आठ तास. पिनेपाशी फक्त ०.१ ओहमचा अडथळा असला तरी १४ × १४ × ०.१ म्हणजे जवळपास २० वॅट उष्णता हरभऱ्याएवढ्या जागेत कोंडते. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडचे सोल्डरिंगचे यंत्र २५ वॅटचे असते, त्यावरून अंदाज घ्या. गिझर किंवा इस्त्री तशाच बोर्डावर वर्षानुवर्षे चालते, कारण थर्मोस्टॅट त्यांना मधूनमधून बंद करतो. गाडीला अशी उसंत नसते.

एमसीबी पडली नाही, कारण करंट वाढलेलाच नाही. एमसीबीला फक्त करंट कळतो, प्लगचे तापमान कळत नाही. म्हणून 'एमसीबी आहे ना, मग काळजी नाही' हे वायरमनचे म्हणणे इथे लागू पडत नाही.

आता वायर. बाजारातल्या अनेक एक्स्टेंशन बोर्डांना ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर असते. २० मीटर जायला आणि २० मीटर यायला, असे ४० मीटर तांबे. त्याचा अडथळा साधारण १ ओहम. १४ अँपिअरला १४ व्होल्ट वाटेतच जातात आणि सुमारे २०० वॅट उष्णता वायरीतच राहते. वायर मोकळी पसरलेली असेल तर ती कशीबशी निभावते. उरलेल्या वायरीचे वेटोळे करून बाल्कनीत ठेवले की मधल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही आणि प्लॅस्टिक एकमेकांना चिकटते. शिवाय बाल्कनीच्या दारात वायर रोज चेपली जाते. वरून धड दिसते, आतल्या तारा तुटलेल्या असतात.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार गाडी चार्ज करताना एक्स्टेंशन जोडता येत नाही. सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच हवे, गाडीचे चार्जिंगचे तोंड चार्जिंग पॉइंटपासून ५ मीटरच्या आत हवे, प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र सर्किट हवे आणि त्यावर ३० मिलिअँपिअरला तुटणारे गळती संरक्षण हवे.

म्हणून काम असे करून घ्या. घरमालकाची आणि दुकानदाराची लेखी संमती घ्या. मीटरपासून थेट, मधे कुठलाही बोर्ड न घेता, चारची तांब्याची वायर (म्हणजे ४ चौरस मिलिमीटर) फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग अशा तिन्हींसाठी पाइपातून भिंतीवरून खाली आणा. अडीचच्या वायरीवर २५ मीटरला १४ अँपिअरला पाच व्होल्टांच्या आसपास पडतात, चारच्या वायरीवर तीनच्या आसपास. फरक थोडा वाटतो, पण रोज रात्री सात तास तापणारी वायर आणि गार राहणारी वायर यांच्या आयुष्यात बराच फरक पडतो. मीटरपाशी २० अँपिअरची डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारी) एमसीबी आणि २५ अँपिअर, ३० मिलिअँपिअर, 'टाइप ए' आरसीसीबी (वीज गळू लागली की जोडणी तोडणारी) बसवा. दुकानात तिला अजून ईएलसीबीच म्हणतात, पण डबीवर 'टाइप ए' लिहिलेले पाहूनच घ्या. 'टाइप एसी' गाडीच्या चार्जरसाठी पुरत नाही. खाली भिंतीवर कुलपाची, पावसाचे पाणी आत न जाणारी पेटी, तिच्यात १६ अँपिअरचे इंडस्ट्रियल सॉकेट. त्याची पकड घरगुती सॉकेटपेक्षा कितीतरी चांगली असते. मात्र चार्जरचा प्लग घरगुती तीन पिनांचा असेल तर मधे अ‍ॅडॅप्टर घालू नका. नियमात तोही बसत नाही. मग चांगल्या प्रतीचे १६ अँपिअरचे घरगुती सॉकेटच पेटीत बसवा आणि दर दोन वर्षांनी बदला.

पेटीची जागा ठरवण्याआधी गाडीचे चार्जिंगचे तोंड कुठे आहे ते बघा. काहींचे पुढच्या जाळीत असते, काहींचे मागच्या चाकावर. गाडी रोज कोणत्या तोंडाने लागते तेही बघा. हे न पाहिल्यामुळे पेटी एका टोकाला आणि तोंड दुसऱ्या टोकाला असे होते, आणि परत एक्स्टेंशन येतो.

जुन्या प्लगच्या पिना काळ्या पडल्या असतील तर त्या पॉलिश पेपरने घासू नका. वरचा मुलामा जातो आणि पिन अधिक तापते. चार्जरचा प्लग कंपनीच्या केंद्रातूनच बदलून घ्या. नव्या जोडणीवर पहिल्या रात्री अर्ध्या तासाने स्विच बंद करून प्लगला हाताची उलटी बाजू लावा. कोमट चालेल. चटका बसला तर जोडणीत दोष आहे.

मंजूर भारही पाहा, तो वीजबिलावर छापलेला असतो. एकट्या चार्जरला ३.३ किलोवॅट लागतात. मंजूर भार १ किंवा २ किलोवॅट असेल तर महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज करा. मीटर घरमालकाच्या नावावर असेल तर अर्ज त्यांनाच करावा लागेल. घरगुती जोडणीवर स्वतःची गाडी चार्ज करायला वेगळी परवानगी लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे.

आणि दुकानाची भिंत व गाडी यांच्यामध्ये फुटपाथ येत असेल तर? मग घरून चार्जिंगचा विचार सोडा. फुटपाथवर आडवी पडलेली वायर अंधारात म्हाताऱ्या माणसाच्या पायात येते, तिच्यावरून हातगाडी जाते, नाली तुंबली की ती पाण्यात असते. तसे तुमचे अडणारही नाही. दिवसाला ३५ किलोमीटर चालणारी छोटी गाडी पाच-सहा युनिट खाते. बॅटरी २४ युनिटची असली तर तीन-चार दिवसांतून एकदा चार्ज केली तरी पुरते. रोज रात्री मोबाइलसारखी लावायची सवय असते, गरज नसते. कचेरीत पॉइंट मिळतो का पाहा, नाहीतर सार्वजनिक डीसी (जलद) चार्जरवर आठवड्यातून दोनदा तासभर थांबा.

प्रश्न : गुलमंडीजवळच्या गल्लीत राहतो. भिंतीवर चार्जिंगची पेटी बसवली, पण शेजारी नेमकी तिथेच मोटारसायकल लावतात. 'इ-वाहनासाठी राखीव' अशी पाटी रंगवता येईल का? (छत्रपती संभाजीनगर)

नाही. घरासमोरचा सार्वजनिक रस्ता महापालिकेच्या ताब्यात असतो, घरमालकाच्या नव्हे. हिरव्या नंबरप्लेटमुळे जागेवर अग्रहक्क मिळत नाही. पाटी, दगड, कुंडी, खुर्ची यांपैकी काहीही मांडले तर ते अतिक्रमण ठरते आणि महापालिका ते उचलू शकते. पेटीचे झाकण रस्त्याच्या बाजूला उघडून वाट अडवत असेल तर तक्रार तुमच्याच विरुद्ध होऊ शकते. झाकण वरच्या दिशेने उघडणारे घ्या.

तुमच्या फाटकासमोर कुणी गाडी लावून येण्याजाण्याची वाट बंद केली, तर मात्र वाहतूक पोलिसांकडे तक्रार करता येते. पेटीसमोर लावली एवढ्यावर करता येत नाही.

शेजाऱ्यांशी बोलणे हाच मार्ग आहे, आणि बोलताना नेमके बोला. 'जागा सोडा' म्हटले की वाद होतो. 'मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री दहा ते पहाटे पाच' असे म्हटले की बहुतेक लोक ऐकतात. स्कूटर असेल तर चार-पाच तासांतच काम होते. त्यांचीही गाडी उद्या इलेक्ट्रिक झाली तर त्याच भिंतीवर त्यांच्या मीटरची दुसरी पेटी बसू शकेल एवढी जागा सोडून ठेवा. पण तुमच्या मीटरवरून त्यांना वीज देऊ नका. जोडणी ज्या जागेसाठी मंजूर आहे तिच्याबाहेर वीज वापरणे विद्युत कायद्यात अनधिकृत ठरते.

प्रश्न : चार्जरवर लाल दिवा येत होता. वायरमनने सॉकेट उघडून काहीतरी केले, दिवा हिरवा झाला, गाडी चार्ज होते. पण परवा गाडी पुसताना हाताला झिणझिण्या आल्या. (परभणी)

गाडी लावणे लगेच थांबवा आणि मेन स्विच बंद करून ते सॉकेट उघडून बघा. न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थिंगच्या स्क्रूपर्यंत बोटभर वायरीचा तुकडा जोडलेला दिसेल. दिसला तर तो काढून टाका. आजच्या सगळ्या उत्तरांमधला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे.

चार्जरचा लाल दिवा 'अर्थिंग मिळत नाही' असे सांगत होता. त्या तुकड्याने चार्जरला फसवले, कारण त्याला न्यूट्रललाच अर्थिंग समजायला लावले. आता खांबापासून घरापर्यंत कुठेही न्यूट्रल तुटला, आणि वाऱ्यावादळात तो तुटतोच, तर पंखा-दिव्यातून परत येणारी वीज त्या तुकड्यातून थेट गाडीच्या पत्र्यावर येते. २३० व्होल्ट. खाली ओली जमीन, पाय अनवाणी आणि हात दाराच्या मुठीवर. आरसीसीबीलाही हे कळेल याची खात्री नाही.

घरीच ओळखायचे असेल तर मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात मोजा, घरात काहीतरी भार चालू असताना. एक-दोन व्होल्ट आले तर ठीक. तिसेक-चाळीस व्होल्ट दाखवत असेल तर अर्थिंग सुटलेले आहे. भार कमी-जास्त करूनही काटेकोर शून्यच येत असेल तर संशय घ्या, तिथे तुकडा जोडलेला असण्याची शक्यता आहे.

आता अर्थिंग मुळात गेले का, ते पाहू. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात चांगले अर्थिंग देते, पण मार्च ते जूनमध्ये ती वाळून तिला भेगा पडतात, रॉडपासून माती सुटते आणि अडथळा कितीतरी पटीने वाढतो. खाली थोड्याच खोलीवर मुरूम आणि काळा पाषाण लागतो, म्हणून रॉड पुरेसा खोल गेलेला नसतो. अडथळा २० ओहमवर गेला तर फेज पत्र्याला लागूनही फक्त साडेअकरा अँपिअर वाहतात. त्याने १६ अँपिअरची एमसीबी पडतच नाही आणि पत्रा जिवंत राहतो. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असेल तर १०० ओहम अर्थिंगवरसुद्धा ती क्षणार्धात तुटते. म्हणून आरसीसीबी आणि अर्थिंग दोन्ही हवे. एक आहे म्हणून दुसरे नको, असे करू नका.

नवे अर्थिंग भिंतीपासून किमान दीड मीटर लांब करा. ४० मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांब जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप किंवा ३ मीटरचा तांब्याचा मुलामा दिलेला रॉड. भोवती मीठ-कोळसा जुन्या पद्धतीने भरतात, पण मिठाने जीआय पाइप काही वर्षांत गंजतो. बेंटोनाइट (एक प्रकारची चिकणमाती) भरलेले चांगले, ते ओल धरून ठेवते. पाषाण लागून पाइप पूर्ण उतरत नसेल तर तोडून आखूड करू नका. लांबीच्या दुपटीइतक्या अंतरावर दुसरा खड्डा घ्या आणि दोन्ही जोडा. अडथळा ५ ओहमच्या आत आला तर उत्तम. तो कोरड्या दिवसांत मोजून घ्या, ऑगस्टमधल्या मोजमापावर विसंबू नका. उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी खड्ड्यात जाऊ द्या. कूलरच्या सांडपाण्याची नळी तिकडे वळवली की वेगळे लक्ष ठेवावे लागत नाही. वर्षातून एकदा पाइपावरची क्लॅम्प उघडून, गंज घासून, पुन्हा कसून घ्या. निम्म्या वेळा दोष जमिनीत नसतो, त्या एका नटबोल्टात असतो.

प्रश्न : आमच्या गल्लीतले चौघे ई-रिक्षा माझ्या घरासमोर लावतात, मी घरच्या मीटरवरून चार्ज करून देतो आणि रोजचे पैसे घेतो. काही अडचण येईल का? (नांदेड)

येईल. स्वतःची गाडी घरगुती मीटरवर चालते, पैसे घेऊन इतरांच्या चार्ज करणे चालत नाही. विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली हा अनधिकृत वापर धरला जातो आणि जादा दराने आकारणी होते. (काही ठिकाणी खांबावर आकडा टाकून रिक्षा चार्ज करतात. ती चोरी आहे, कलम १३५.)

रीतसर करणे अवघड नाही. चार्जिंग स्टेशन चालवायला वीज-परवाना लागत नाही, हे केंद्राने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. महावितरणच्या दरपत्रकात इलेक्ट्रिक वाहन चार्जिंगचा वेगळा वर्ग आहे. त्या वर्गातून नवी जोडणी मागा. अर्जासोबत जागेचा पुरावा आणि परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. हिशेब पाहा. ४८ व्होल्ट, १३० अँपिअर-तासाचा शिशाच्या बॅटऱ्यांचा संच सव्वासहा युनिट साठवतो, पण गळती धरून भिंतीतून आठेक युनिट जातात. चार रिक्षांचे दिवसाला ३२, महिन्याला साडेनऊशेच्या वर. घरगुती दराच्या सर्वांत वरच्या टप्प्यात तुम्ही केव्हाच गेलेले असाल. चार्जिंगच्या वर्गात असे टप्पे नाहीत.

शिशाच्या बॅटऱ्या भरत आल्या की हायड्रोजन सोडतात. हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीने पेटतो. हलका असल्याने पत्र्याखाली साठतो, म्हणून शेडला वरच्या बाजूला झरोका ठेवा. शेजारी चूल, उदबत्ती, बिडी नको. चिमटे काढण्याआधी चार्जर बंद करा, कारण चालू चार्जरचा चिमटा काढताना ठिणगी उडते. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घाला, तेही चार्जिंग झाल्यावर. आधी काठोकाठ भरले तर आम्ल उतू जाते. फक्त प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतके आधी घाला. बोअरचे पाणी अजिबात नको, आपल्याकडच्या बोअरच्या क्षाराने प्लेटा लवकर मरतात. आणि चार रिक्षा लावूनही अग्निशमनाचा बंब जाईल एवढी वाट गल्लीत उरते का, ते मोजून पाहा. उरत नसेल तर जागा बदला, दुसरा उपाय नाही.

प्रश्न : पावसात रस्त्यावर उभी स्कूटर चार्ज करावी का? (जालना)

गाडीचे तोंड आणि चार्जरची पेटी पाऊस सोसायला बनवलेली असतात, घरगुती प्लग मात्र नसतो. प्लगला प्लॅस्टिकची पिशवी बांधू नका. आत वाफ धरते आणि उष्णताही कोंडते. प्लग बंद पेटीत आणि वायर पेटीच्या खालून बाहेर, मधे थोडा लोंबता बाक ठेवून, म्हणजे पाणी बाकावरून गळेल, आत शिरणार नाही. आयपी ५४ (धूळ-पाणी अडवण्याचा दर्जा) किंवा वरची पेटी घ्या. चाके पाण्यात उभी असतील त्या रात्री चार्जिंग नको.

प्रश्न : काढता येणारी बॅटरी घरात आणतो. कुठे ठेवावी? (बीड)

जिन्यात, दाराशी, पलंगाखाली नको. पेटली तर बाहेर पडायची वाटच बंद होते. फरशीवर, भिंतीपासून हातभर लांब, पडदा-गादीपासून दूर, जागे असताना. पडलेली, फुगलेली किंवा पुरात भिजलेली बॅटरी घरात आणूच नका.

प्रश्न : उन्हाळ्यात दुपारी चार्जिंग मधेच बंद पडते. बॅटरी खराब झाली का? (हिंगोली)

बहुधा नाही. ४२-४३ अंशांच्या उन्हात उभी असलेली, त्यात नुकतीच चालवून आणलेली बॅटरी ४५ अंशांच्या वर गेली की तिची नियंत्रक यंत्रणा चार्जिंग कमी करते किंवा थांबवते. तेच बरोबर आहे. गाडी लिंबाखाली लावा, पाऊण तास थांबा, मग चार्ज करा. शक्य तर पहाटे तीन ते सहा, तेव्हा हवाही गार असते आणि व्होल्टेजही बरे असते. संध्याकाळी सात ते दहा व्होल्टेज खाली जाते. तेव्हा स्कूटरचा चार्जर तेवढीच शक्ती मिळवायला जास्त करंट ओढतो आणि प्लग अधिक तापतो. दिवसभर उन्हात उभी राहणार असेल तर ८० टक्क्यांवर थांबवा. टीओडी (वेळेनुसार दर लावणारा) मीटर बसला असेल तर सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतली सवलत बिलावर पाहा. सावलीची जागा असेल तरच ती वेळ घ्या.

प्रश्न : आमच्या कॉलनीत वीस-पंचवीस इलेक्ट्रिक स्कूटर झाल्या. पथदिव्यांच्या खांबांवर सॉकेट बसवून मिळतील का? लंडनमध्ये तसे आहे म्हणतात. (धाराशिव)

लंडनमध्ये खांबांत चार्जर आहेत, पण तिथे खांबापर्यंत चोवीस तास वीज येते आणि केबल तेवढा भार सोसते. आपल्याकडे पथदिव्यांची लाइन टायमरने संध्याकाळी सुरू होते, सकाळी बंद. एका एलईडी दिव्याला ७०-१०० वॅट, एका स्कूटरला साडेसातशे. दहा स्कूटर लागल्या की साडेसात किलोवॅट, आणि त्या लाइनची तार व फ्यूज यासाठी नसतात. पथदिव्याची वीजही वेगळ्या दराने, वेगळ्या कामासाठी घेतलेली असते.

त्याऐवजी कॉलनीची मोकळी जागा किंवा समाजमंदिराची भिंत पाहा. नगर परिषदेकडे जागेच्या ठरावासाठी अर्ज करा, ठराव झाला की महावितरणकडे चार्जिंगच्या वर्गातून थ्री फेज जोडणी मागा. कॉलनीच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) किती भार शिल्लक आहे ते शाखा अभियंत्याकडून आधीच समजून घ्या, कारण सगळे तिथेच अडते. वीस-पंचवीस स्कूटरना आठ पॉइंट पुरतात, कारण रोज सगळ्या येत नाहीत. तीन फेजवर पॉइंट वाटून टाका, नाहीतर सगळा भार एकाच फेजवर येऊन तो फेज आणि न्यूट्रल तापतात. प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र आरसीसीबी. एकच सामायिक घेतली तर एका ओल्या प्लगने आठही स्कूटर सकाळी अर्धवट मिळतील. समोर दोन फुटी लोखंडी पाइप रोवा, म्हणजे ट्रॅक्टर-टेम्पो पेटीवर मागे येणार नाही. वर दिवा हवा, अंधारात लोक प्लग तिरका घालतात. आणि आरसीसीबीवरचे 'टी' लिहिलेले बटण महिन्यातून एकदा कोण दाबणार, सैल झालेले सॉकेट कोण बदलणार आणि त्याचे पैसे कुठून येणार, हे जोडणी येण्याआधी कागदावर लिहून घ्या.